इच्छा होते, पण शरीर साथ देत नाही

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे आहे. लग्नानंतर सुरुवातीला शरीरसंबंधापूर्वी थोडे मद्य घेतले की संकोच जाई व हुरूप येई. गेली सहा वर्षे मी जवळजवळ रोज घेतो. आता ताठरता टिकत नाही आणि अलीकडे इच्छाही मंदावली आहे. हा वयाचा परिणाम आहे की मद्याचा? उत्तेजक गोळी घ्यावी का?

उत्तर : तो हुरूप मद्याने दिलेला नव्हता, मद्याने फक्त आपली भीती झोपवली होती. मद्य मेंदूचे काम मंदावते आणि त्यात संकोचाचा लगाम आधी सुटतो, म्हणून इच्छा वाढल्याचा भास होतो. ताठरतेसाठी मात्र मेंदूचा संदेश नसांमधून शिश्नापर्यंत पोहोचावा लागतो, तेथील रक्तवाहिन्या सैलावून रक्त भरावे लागते व ते काही काळ अडूनही राहावे लागते. मद्याची मात्रा वाढली की हा संदेशच क्षीण होतो. वीर्यस्खलन लांबते, यालाच काही जण ताकद समजतात. प्रत्यक्षात ती बधिरता असते.

वर्षानुवर्षे रोज भरपूर मद्य घेतल्यास वृषणांतील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) तयार करणाऱ्या पेशींना इजा होते आणि त्यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून मिळणारी चालनाही घटते; आपली इच्छा ओसरण्यामागे हे कारण असू शकते. नसांनाही हळूहळू इजा पोहोचते.

केवळ ४१ हे वय याला पुरेसे कारण नाही. तरीही सर्व दोष मद्यावर टाकण्याआधी रक्तातील साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल व सकाळचे टेस्टोस्टेरॉन तपासून घ्यावे, कारण ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या आधी दिसते. पहाटे आपोआप ताठरता येते का, हेही डॉक्टरांना सांगावे. ती नियमित येत असेल तर मानसिक कारणाचा विचार आधी होतो.

गोळी स्वतःहून घेऊ नये. हृदयरोगासाठीच्या नायट्रेट औषधांसोबत तिने रक्तदाब धोकादायक रीतीने घसरतो, आणि इच्छा निर्माण करणे तर तिचे कामच नाही.

मद्य सोडण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. सकाळी हात थरथरत असतील, तर मद्य एकदम बंद करू नये. फिटचे झटके येऊ शकतात, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. मद्य सुटल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत अनेकांना फरक जाणवतो. मात्र पहिले काही दिवस जुना संकोच पुन्हा डोके वर काढील आणि मद्याविना आपण अधिकच असमर्थ झालो असे वाटेल. ते शरीराचे अपयश समजून पुन्हा ग्लासाकडे वळू नये.