‘पक्व बीजांड’ : दोन्ही शब्द तपासून

प्रश्न असा आहे : सस्तन प्राण्यांच्या प्रजननावर मराठीत लिहिताना ‘पक्व बीजांड अंडाशयातून बाहेर पडते’ हे वाक्य चालेल का? की स्त्रीबीज किंवा अंडपेशी म्हणावे?

बीजांड आधी खोडा. तो शब्द वनस्पतिशास्त्राने केव्हाच आपलासा केला आहे. फलनानंतर ज्याचे बी होते ते फुलातले बीजांड. ती एकटी पेशी नव्हे, अनेक पेशींची रचना असते आणि अंडपेशी तिच्या आत असते. स्त्रीबीज बोलण्यात सर्रास चालतो, डॉक्टरही तोच वापरतात, त्याला माझी हरकत नाही. शास्त्रीय मजकुरात मात्र अंडपेशी आणि जोडीला शुक्रपेशी किंवा शुक्राणू. शुक्रजंतू टाळलेला बरा. १६७७ साली लेव्हेनहुक या डच संशोधकाने सूक्ष्मदर्शकातून वीर्यात वळवळ पाहिली तेव्हा त्याला ते सजीव प्राणीच वाटले होते. आज तसे कोणी मानत नाही.

खरी मेख ‘पक्व’मध्ये आहे. युग्मके, म्हणजे अंडपेशी आणि शुक्राणू, तयार होतात ती अर्धगुणसूत्री विभाजनाने : लागोपाठची दोन विभाजने, ज्यांत गुणसूत्रे निम्मी होतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, युग्मकात २३. (नावात युग्म असले तरी युग्मकात गुणसूत्रांच्या जोड्या नसतात, जोडी जुळते ती दोन युग्मकांची, आणि त्यातून होतो तो युग्मनज.) वृषणात हे विभाजन सरळ पार पडते : एका पेशीपासून चार शुक्राणू. अंडाशयात ते रखडते. मुलगी जन्माला येण्याआधीच सुरू होते आणि पहिल्याच टप्प्यात थांबते, ते वर्षानुवर्षे. अंडमोचनाच्या, म्हणजे पेशी अंडाशयाबाहेर पडण्याच्या, जरा आधी पहिले विभाजन पुरे होते, तेही असमान : जवळपास सगळा पेशीद्रव एकीकडे, दुसरीकडे नुसता ध्रुवपिंड, म्हणजे एक इवलीशी पेशी. लगेच दुसरे विभाजन सुरू होऊन मध्येच अडते आणि त्या अवस्थेत पेशी अंडाशयाबाहेर पडते. शुक्राणू आत शिरला तरच ते पुरे होते, नाहीतर ती पेशी तशीच अर्धवट संपते.

म्हणजे बाहेर पडणारी पेशी फलनाला तयार असते, पण तिचे विभाजन पुरे झालेले नसते. पहिल्या अर्थाने पक्व म्हणा, दुसऱ्या अर्थाने नाही. कुत्रीच्या बाबतीत तर पहिल्या अर्थानेही नाही : तिची पेशी पहिलेही विभाजन होण्याआधी बाहेर पडते आणि उरलेली तयारी अंडनलिकेत होते. गंमत म्हणजे १८२७ साली फॉन बेअर या भ्रूणशास्त्रज्ञाने सस्तन प्राण्याची अंडपेशी प्रथम ओळखली ती कुत्रीच्याच अंडाशयात.

त्यामुळे सर्वसाधारण लेखात ‘अंडाशयातून अंडपेशी बाहेर पडते’ एवढे पुरे. ‘पक्व’ गाळल्याने काही बिघडत नाही. पेशीविभाजन हाच विषय असेल तर ‘दुसरे विभाजन अपुरे असलेली अंडपेशी’ असे लिहा. लांबते, पण चुकत नाही.

आणि पुढच्या वाक्यात ‘शुक्राणूशी मीलन होऊन गर्भधारणा होते’ असे लिहिणार असाल तर तिथे ‘फलन होते’ करा. फलन अंडनलिकेत होते. माणसात त्यानंतर साधारण आठवडाभराने तो पेशीपुंज गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. रुजलाच नाही, तर फलन होऊनही गर्भधारणा नाही.