सीट बुक करू की थांबू?

प्रश्न : ताई, मुलगी बारावी सायन्स झाली. एक खासगी विद्यापीठ कॉम्प्युटरला सीट देतंय. पैसे आठवड्यात भरा म्हणतात. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत.
– एक वडील, ऐरोली

उत्तर : थांबा हो दादा! २०२४ च्या शासन निर्णयानुसार अशा मुलींना 'कॅप'मधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश मिळाला, तर इंजिनिअरिंगचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. खासगी विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा त्यातून वगळलाय, हे काउंटरवरचा गोडबोल्या सांगायचा नाही. डेव्हलपमेंट फी मात्र तुमच्या खिशातून. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर सेतू केंद्रातून होईल. जात पडताळणीच रखडते, तिच्या मागे आजच लागा. आणि अर्जात ठाण्या-नवी मुंबईतली कॉलेजं वर टाका, हॉस्टेल वाचेल.