थंब स्टड अंगठ्याला चावतो, कडा घासू का?

तुमचा प्रश्न असा: घडीचा नवा चाकू एका हाताने उघडताना पात्यावरच्या थंब स्टडच्या (अंगठ्याने पातं ढकलायच्या खुंटीच्या) कडा अंगठ्याला कापतात, सगळे म्हणतात घट्टा पडेल, सवय होईल, तर कडा घासल्या तर चाकू बिघडेल का?

घासा. खुशाल घासा. आणि घट्टा पडेल म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

मी तीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशिनवर, काम करतोय. स्टड म्हणजे शेवटी काय, टर्निंग केलेली एक बारकी पिन. बारमधून पीस कापला, फेसिंग मारलं, म्हणजे टोक सपाट केलं, की टोकाला काटकोनी कड राहते आणि तिच्यावर बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कुसळं. ती कड मोडायला लहानसा चॅम्फर, म्हणजे तिरका काप, मारायचा असतो. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, प्रोग्रॅममधली एखादी ओळ, दोन सेकंदांचं काम. तुमच्या स्टडवर तेवढं कुणी केलेलं नाही. तुमचा अंगठा नाजूक नाही, जॉब अर्धवट आहे.

१९९४ मध्ये मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होतो. ईएन-८ पोलादाच्या ६ मिलिमीटरच्या पिनांचा लॉट चालू होता. पिन लेथवरून आली की दोन्ही टोकांची बर कानशीने काढायची, हे माझं काम. महिनाअखेर आली आणि आकडा भरेना, तेव्हा सुपरवायझरने सांगितलं, कानस ठेव खाली, पिना सरळ पॅकिंगला जाऊ दे. पॅकिंगला एक मावशी होत्या. दुपारच्या सुट्टीत डबा खायला बसल्या, तर भाकरी मोडता येईना. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं बारीक बारीक चिरलेली, त्यात ठेच्याचं मीठ. मला म्हणाल्या, "बाळा, आज पिना चावतायत रे." मी सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला, "चार दिवसांत बोटं निबर होतात. ड्रॉइंगवर चॅम्फर दाखवलाय का?" ड्रॉइंगवर नव्हता. मी गप्प बसलो. लॉट गेला, कुणाची तक्रार आली नाही. पुढे कितीतरी वर्षं भेटला की तो हेच ऐकवायचा, बघ, आली का तक्रार?

तक्रार आली नाही म्हणून काम बरोबर होतं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आमच्या आईच्या विळीचं पातं कोथिंबीर सरसर कापायचं, पण पाटाची एकही कड पायाला टोचत नसे. धार पात्याला हवी. हाताला लागते तिथे नको.

आता घासायचं कसं. चाकू बंद ठेवूनच करा, म्हणजे धार मुठीत राहते आणि स्टड बाहेर हाताशी येतो. मुठीतली फट आणि पात्याचा दिसणारा भाग मास्किंग टेपने झाका, नाहीतर घासलेली पूड पिव्हटमध्ये, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या सांध्यात, जाऊन पातं करकरायला लागेल. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा, ४५ अंशांत धरा आणि कडेभोवती हलक्या हाताने फिरवा. मग ८००, मग १२००. पाव मिलिमीटर कड गेली तरी पुष्कळ झाली. पार गोल गोटी करू नका, अंगठ्याला पकड लागते. ती सुटून अंगठा धारेवर गेला तर आत्ताच्या चिरेपेक्षा फार वाईट. मशिनला लावू नका, एकदा घसरलं की पात्यावर कायमचा ओरखडा. स्टड खोलायच्याही भानगडीत पडू नका. पुष्कळदा आट्यांवर लॉकटाइट (स्क्रू पक्का धरणारा गोंद) असतं, जोर लावला की स्क्रूचं डोकं खराब होतं. काळं कोटिंग असेल तर कडेला ते निघेल आणि पांढरा धातू दिसेल. दिसू दे. पोलाद असेल तर शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब लावत जा.

एक गोष्ट मी खरं तर आधीच सांगायला हवी होती. घासण्यापूर्वी चाकू पूर्ण उघडून बघा. काही चाकूंत उघडलेलं पातं स्टडवरच थांबतं, म्हणजे स्टड मुठीला टेकतो. तसं असेल तर टेकणाऱ्या बाजूला पेपर लावायचा नाही, फक्त बाहेरच्या टोकाची कड मोडायची. टेकणारी बाजू घासली तर पातं हलायला लागेल आणि लॉकवर भरवसा राहणार नाही. वॉरंटी असेल तर तिचे नियमही आधी वाचून घ्या. आणि कडा मोडूनही अंगठा दुखत राहिला, तर बहुधा पिव्हट जास्त आवळलेला असेल. तो किंचित सैल करून बघा.

झाल्यावर कापसाचा बोळा स्टडवरून फिरवा. एक जरी तंतू अडकला, तर बर अजून आहे. पुन्हा १२०० चा पेपर घ्या.