'स्टिरिओटाइप'ला 'रूढ प्रतिमा' म्हणू नका

प्रश्न : म्युझिक व्हिडिओंवर माध्यम-सिद्धांतांच्या अंगाने लिहिताना 'स्टिरिओटाइप'साठी 'रूढ प्रतिमा' चालेल का? या 'स्टिरिओ'चा गाण्याच्या 'स्टिरिओ'शी काही संबंध आहे का?

उत्तर : 'रूढ प्रतिमा' नको. रूढ म्हणजे चालत आलेले, त्यात आक्षेपार्ह काही नाही. रॉकच्या व्हिडिओत बँड मंचावर वाजवताना दिसतो, पॉपमध्ये बसवलेला समूहनाच येतो. माध्यम-अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ साली मांडलेली संगीतप्रकाराची लक्षणे ती हीच. हे झाले संकेत. हल्ली कुठलीही समीक्षा उघडा, या संकेतांनाही सरसकट 'स्टिरिओटाइप' म्हटलेले असते, आणि दोन निराळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्याने विश्लेषण तिथेच फसते. संकेत गाण्याच्या प्रकाराचा असतो, स्टिरिओटाइप म्हणजे माणसांच्या गटाबद्दलचे ठरीव चित्र.

आता मूळ शब्द. ग्रीक 'स्टेरेओस' म्हणजे घन, टणक आणि 'टिपोस' म्हणजे ठसा. 'स्टिरिओ'चा अर्थ 'दोन' असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. स्टिरिओ ध्वनीतही अर्थ घनतेचाच आहे, दोन स्पीकर ही फक्त तो भास निर्माण करण्याची सोय. म्हणजे हो, संबंध आहे.

पण खरी मौज छापखान्यात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे मुद्रक फर्मां दिदो यांनी हा शब्द मुद्रणात आणला. खिळे (धातूची सुटी अक्षरे) जुळवून पान बांधायचे, त्यावर प्लास्टरचा (पुढे ओल्या कागदी लगद्याचा) साचा घ्यायचा आणि त्यात शिसे, अँटिमनी व कथिलाचा रस ओतायचा. सबंध पानाची एकसंध पत्री निघते. खिळे दुसऱ्या कामाला मोकळे होतात आणि पत्रीवरून पुन्हापुन्हा छापता येते. खोट एकच : चूक राहिली तर खिळा बदलून भागत नाही, तेवढा तुकडा कापून नवा डाख देऊन बसवावा लागतो. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये 'स्टिरिओटाइप' हा शब्द डोक्यातल्या ठरीव चित्रांसाठी वापरला, तो म्हणूनच इतका चपखल बसला. 'क्लिशे'सुद्धा याच छापखान्यातला.

मराठीत याला अस्सल जोड आहे, 'ठोकळेबाज'. अशी पत्री खिळ्यांच्या उंचीला आणायला लाकडी ठोकळ्यावर ठोकत, आणि माझ्या मते 'ठोकळेबाज'मध्ये तोच ठोकळा आहे. काही जण हा शब्द 'ठोकळमानाने'मधल्या 'ठोकळ'पासून, म्हणजे 'ढोबळ'च्या अर्थाने लावतात. मला ते साफ अमान्य आहे. ढोबळ अंदाज दर वेळी थोडा हलतो. ठोकळेबाज गोष्ट तसूभर हलत नाही, तीच तिची व्याख्या. ढोबळ चित्रात तपशील कमी असतात, ठोकळेबाज चित्रात ते भरपूर असूनही ठरलेले असतात.

कोळीगीतांचे व्हिडिओ घ्या. कोळीण टोपली घेऊन नाचते, कोळी वल्हे हलवतो, मागे किनारा. 'टोपली दाखवली म्हणजे स्टिरिओटाइप' असे लिहून मोकळे होऊ नका. कोळणी टोपली खरोखरच वापरतात. आधी आवाज बंद करून व्हिडिओ पाहा आणि प्रत्येक शॉटसमोर चार रकाने भरा : कोण, हातात काय, काम करतो की फक्त नाचतो, किती सेकंद. मग आवाज लावून चित्र शब्दांना नुसते दाखवते, वाढवते की सोडून जाते, हे गुडविनच्या पद्धतीने नोंदवा. असे दहा व्हिडिओ झाले की पत्रीवर काय कधीच उमटत नाही ते कळते : पहाटेचा लिलाव, बर्फ, डिझेल, इंजिनाची होडी, कोळंबी सोलणारे हात. मोजक्या गुणांत माणसांना आवळून तिथेच खिळवणे, हे संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचे स्टिरिओटाइपबद्दलचे म्हणणे इथे सेकंदांत मोजून दाखवता येते. एकाच व्हिडिओवरून मात्र निष्कर्ष काढू नका. एका प्रतीवरून पत्री ओळखता येत नाही.

कोळणीच्या हातात मोबाइल दिला म्हणून साचा मोडला, असेही लिहू नका. तो एका अक्षराला दिलेला डाख झाला, बाकीचे पान तेच राहिले.

तेव्हा लेखात नाम म्हणून 'साचा' लिहा आणि विशेषण म्हणून 'ठोकळेबाज' किंवा 'साचेबंद'. 'रूढ' हा शब्द संकेतांसाठी राखून ठेवा.