प्लॉट राहू द्या, आधी त्याची वही बघा

(सोलापूरच्या एका वडिलांचं पत्र: मुलाला सीईटीत ८४ पर्सेंटाइल. त्याला सिव्हिल हवं. यांना पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून एआयची जागा घ्यायची आहे, त्यासाठी जुळे सोलापुरातला प्लॉट विकायचा. "ट्रॅफिक सुधारायचंय म्हणतो, मग एआयच नको का?")

नमस्कार.

चार पानांत "आम्ही ठरवलंय" सहा वेळा आलंय. मुलाबद्दल एकच ओळ: संध्याकाळी सात रस्त्याला वही घेऊन गाड्या मोजतो, "वेळ घालवतो". मला काळजी वाटली ती या ओळीने. वाहतूक अभियंत्याचं पहिलं काम तो आपणहून करतोय. विकलेल्या प्लॉटचं ओझं अठराव्या वर्षी त्याच्यावर टाकलंत, तर नको ती शाखा सोडायचीही त्याला हिंमत होणार नाही.

आता तुमचा गैरसमज. सिग्नलचं गणित सिव्हिलमध्ये शिकवतात. वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाचं १९५८ चं सूत्र आजही पाया आहे: सिग्नलच्या एका फेरीत (हिरव्यापासून पुन्हा हिरव्यापर्यंत) दिवे बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, ५ मिळवा, आणि १ मधून चौकावरचा भार वजा करून त्याने भागा, की फेरी किती सेकंदांची ठेवावी ते मिळतं. भार म्हणजे येणाऱ्या गाड्या भागिले रस्ता सोडू शकेल तेवढ्या गाड्या; हे प्रमाण प्रत्येक हिरव्या पाळीतल्या सर्वांत भरलेल्या बाजूचं काढून त्यांची बेरीज करायची. १६ सेकंद वाया आणि भार ०.६, तर फेरी साधारण ७३ सेकंदांची. चौकाच्या तोंडाशी रिक्षा, हातगाड्या थांबून प्रत्येक बाजूचा ९ मीटर रस्ता ६ मीटर उरला, की त्याच गाड्यांचा भार ०.९ होतो आणि फेरी २९० सेकंदांवर जाते. लाल दिव्यापाशी तितका जास्त वेळ इंजिनं चालू, पेट्रोल जळतंय. एआय सेकंद वाटून देईल, गेलेले तीन मीटर आणून देणार नाही.

गाड्या मोजणारा एआयचा कॅमेराही चुकतो. परदेशी चित्रांवर शिकलेलं मॉडेल रिक्षाला कार समजू शकतं, खेटून उभ्या दुचाकी कमी मोजतं, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरपाशी गोंधळतं. हैदराबादच्या ट्रिपलआयटीच्या भारतीय रस्त्यांच्या डेटासेटमध्ये म्हणूनच रिक्षाचा वेगळा वर्ग आहे. मशीनची मोजणी तपासायला हाताने भरलेली वहीच लागते.

मार्ग सरळ आहे: कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) सिव्हिल, सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, मग गेट ही प्रवेश परीक्षा देऊन ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमटेक; मुंबई आयआयटीत ते सिव्हिल विभागातच आहे. 'सुमो' हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर मोफत मिळतं, सात रस्ता त्यात आजच उभा करता येईल.

त्याला सांगा, मोजणी दर १५ मिनिटांची वेगळी लिही, दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक असे रकाने पाड. आणि हिरवा संपताना किती गाड्या मागे उरतात, हे त्याने टिपलंय का, तेवढं विचारून कळवा.