काम खरं पाहिजे

अमळनेर
अखाजी (अक्षय्य तृतीया) उलटून आठवडा झाला

पोरी,

तू ती फाइल माझ्यापुढे ठेवलीस आणि तुझे डोळे भरून आले, तेव्हा मी फार बोलले नाही. तुझी आई, वहिनी, शेजारच्या बाया, सगळ्या झोक्यापाशी होत्या. माहेरपणाला आलेल्या लेकीला चारचौघींत काय बोलायचं. आता बोलते.

फाइल मी शेवटच्या पानापर्यंत पाहिली होती. ठिपके जोडायची पानं, रंगवायची सफरचंदं, कापसाचे बोळे चिकटवून करायची मेंढी, रंगवलेले तांदूळ ताटात पसरून बोटानं गिरवायची अक्षरं. तुझा लेक निजल्यावर रात्री अकरापर्यंत तू हे कापत, चिकटवत बसतेस आणि सकाळी तो चार मिनिटांत उठून जातो. मग ग्रुपवरच्या दुसऱ्या आया आपापल्या मुलांचे फोटो टाकतात आणि तुझ्या पोटात गोळा येतो. "बाई, त्याचं लक्षच लागत नाही हो." साडेतीन वर्षांच्या लेकराबद्दल तू हे म्हणालीस.

त्याच लेकरानं दुसऱ्या दिवशी तुमच्या गच्चीवर काय केलं, ते तू पाहिलं नाहीस. तू खाली होतीस. मी सांगते. आम्ही बिबड्या, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, घालत होतो. भिजवलेल्या ज्वारीचा घाटा पहाटेपासून चुलीवर रटरटत होता. त्यातला गार झालेला गोळा त्याला वाटीत दिला, ओल्या धोतराचा एक कोपरा दिला, हात बुडवायला पाणी ठेवलं. तो उकिडवा बसला आणि तासभर उठला नाही. हात ओला करायचा, गोळा घ्यायचा, थापायचा, चिकटला की पुन्हा पाणी. पहिल्या तीन फाटल्या. चौथीच्या वेळी त्यानं आधी हात बुडवला, मग गोळा उचलला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बारा घातल्या त्यानं. वाळल्यावर धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडायचं कामही त्यानंच मागून घेतलं, आणि एकेक सुटून हातात आली की माझ्याकडे वळून बघायचा.

याचं लक्ष लागत नाही? पोरी, त्याला तुझी मेंढी नको आहे. मेंढी चिकटवून झाली की तिचं कुणाला काही होत नाही, आणि हे त्याला कळतं. बिबडी घरातली माणसं खाणार, हेही त्याला कळतं. काम खरं पाहिजे. एवढं एकच मी तुला सांगणार आहे आणि तू कंटाळेपर्यंत सांगणार आहे.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. रोममधल्या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये जे बालगृह काढलं, तिथली मुलं झाडत होती, ताटं मांडत होती, वाढत होती. पुढे त्या भारतातही आल्या, १९३९ मध्ये. पण त्यांची घडीव लाकडी साधनं खेड्यापाड्यांत कुठून येणार? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या, आणि तिथे शिंपले, बिया, खडे, माती हीच साधनं झाली. पोरं बालवाडीत येत नसतील तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथली. सरकारची अंगणवाडी १९७५ पासूनची. मी एकतीस वर्षं बालवाडीत काढली ती या बायांच्या आधारावर. तू मात्र मूठभर बिया आणि रंगीत तांदूळ पुण्यात ऑनलाइन मागवतेस आणि स्वयंपाकघरात डाळींचे सात डबे भरलेले असतात. तो त्या डब्यांशी जायला निघाला की त्याला "मध्ये येऊ नको" म्हणून हातात फोन देतेस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास पडद्यासमोर, तोही जितका कमी तितका बरा. फोनबद्दल याहून जास्त मी लिहीत नाही. तुला ते ठाऊक आहे.

मोजण्याचं सांगते, कारण तू त्याच्या शंभरापर्यंतच्या आकड्यांवर खूश होतीस. तो ते म्हणतो तसं गाणंही म्हणतो. तुझ्याच आईच्या घरी मी त्याला म्हटलं, पाच चमचे आण. त्यानं मूठभर आणले. मोजणं म्हणजे एका वस्तूला एक आकडा, कुणाला दोनदा मोजायचं नाही, कुणाला वगळायचं नाही, आणि शेवटी जो आकडा आला तेवढ्या सगळ्या वस्तू. हे पानावरच्या बदकांवर बोट ठेवून येत नाही, कारण बदक चुकलं तर काही बिघडत नाही. ताटं मांडायला सांग. घरात चार माणसं, प्रत्येकाला एक ताट, एक वाटी. वाटी कमी पडली की बाबा वाटीशिवाय बसतात आणि चूक आपोआप समोर येते. केळ्यांची फणी आणलीस तर ती त्याच्या पुढ्यात ठेव. सगळ्यांना दोन-दोन पुरतील का, हे त्याला ठरवू दे. पुरली नाहीत तर कुणी एक खायचं, यावर तो जो वाद घालेल तो भागाकार आहे, नाव पुढे कधीतरी कळेल. काम खरं असलं की गणित त्यात आलेलंच असतं.

आणि पीठ. तुमच्याकडे पोळ्याच होतात ना रोज? आईकडून कळण्याचं पीठ ने. ज्वारीत उडीद घालून दळलेलं, तुझ्या लहानपणीचं. एका रविवारी तीन वाट्यांत तीन पिठं ठेव: गव्हाचं, ज्वारीचं, कळण्याचं. पाणी त्याला घालू दे. गव्हाचा गोळा ओढला की लांबतो. ज्वारीचा ओढला की तुटतो, कारण गव्हातला चिवटपणा ज्वारीत नसतो, म्हणून तर आपण तिच्या पिठात गरम पाणी घालतो आणि भाकरी लाटण्याऐवजी थापतो. कळण्याचा उडदामुळे बोटांना चिकटून राहतो. हे तू त्याला समजावून सांगू नकोस! तुला सांगितलं ते तुझ्यासाठी. त्यानं विचारलं "हे का तुटतं?" तर म्हण, "तुला काय वाटतं?" आणि गप्प बस. तुला गप्प बसणं जमत नाही, हे मी बघितलं आहे. मलाही जमत नसे. मग त्याच पिठाची भाकरी झाली पाहिजे, त्यानं थापलेली वेडीवाकडी, आणि ती कुणीतरी जेवणात खाल्ली पाहिजे. टाकून दिलीस तर ते पुन्हा मेंढीसारखंच झालं.

पेन्सिलीची घाई कसली आहे तुला? मनगटात आठ लहान हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्यातलं एकही पक्कं झालेलं नसतं, सगळी कुर्चा असते. मग ती एकामागून एक घट्ट होत जातात आणि शेवटचं दहाव्या वर्षाच्या आसपास. हात अजून घडतो आहे, पोरी. त्याला मळू दे, ओलं फडकं पिळू दे, लसूण सोलू दे, थंडीत हरभऱ्याचे घाटे सोलू दे, कापसातली सरकी काढून वात वळू दे. लसणाचं पातळ टरफल चिमटीत धरणाऱ्या बोटांना पुढे पेन्सिल धरायला वेगळं शिकवावं लागत नाही. शाळा काय म्हणते ते म्हणू दे.

आता जे लिहायचं आहे ते मी दोनदा खोडलं.

मी बालवाडीत तीस-तीस पोरांना लोटीनं पाणी ओतायला शिकवत होते. सांडलं की फडकं त्यांच्याच हातात देत होते, कधी रागावले नाही. घरी माझा मुलगा तुझ्या लेकाएवढाच होता. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, तासभर. पाणी आलं की धावपळ. एकदा तो आपली छोटी लोटी घेऊन आला. टाकीतून भरायची आणि माठात नेऊन ओतायची, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला उंबऱ्यात सांडलं, सासूबाई घसरता घसरता वाचल्या. मी लोटी हिसकावली, त्याला हाताला धरून बाजेवर बसवलं आणि म्हटलं, "इथून हललास तर बघ." तो हलला नाही. नुसता त्या दिवशी नाही, नंतरही हलला नाही. आठव्या वर्षी मी हाक मारायची, "बाळा, एवढं दळण आणून दे," आणि तो म्हणायचा, "तूच आण ना." मला राग यायचा. तो आता चाळिशीत आहे, चांगला आहे, आईला विचारतो, पैसे पाठवतो. पण त्याच्या घरी गेले की सून कामावरून येऊन ओट्याशी उभी राहते आणि तो ताटावर वाढायची वाट बघत बसतो. मला तेव्हा ती लोटी दिसते.

कुणी म्हणेल, एका लोटीनं काय होतं. ती एक नव्हती. रोजची होती. "बाजूला हो", "तुला नाही जमणार", "सांडशील". बालवाडीतल्या तीस पोरांसाठी माझ्याकडे धीर होता आणि घरच्या एकासाठी उरत नव्हता. पण दोष सगळा माझाच होता असंही मी मानत नाही. घरात नऊ माणसं, पगार म्हणावा असा पगार नाही, नोकरी करते म्हणून कामात सूट नाही. आणि त्यानं बापाला किंवा आजोबाला कधी पाण्याचा पेला उचलून ठेवताना पाहिलं नव्हतं. पोर बघतं तेच शिकतं. म्हणून जावईबापूंना माझा निरोप सांग. भाजी निवडायला त्यांनी बसावं आणि लेकाला शेजारी घ्यावं, महिन्यातून एकदा हौसेनं नाही, रोज. बाईच करते ते काम आणि बाप करतो ती मदत, असं एकदा पोराच्या डोक्यात बसलं की ते निघत नाही. मी माझ्या घरात बघते आहे.

तू म्हणशील, बाई, वेळ कुठे आहे? तो मटार सोलायला बसला की पाऊण तास लागतो. लागू दे! रात्रीचे दोन तास तू त्या फाइलवर घालवतेस ना, तेवढे झोप आणि सकाळी अर्धा तास लवकर ऊठ. सगळी कामं त्याला दे असं मी म्हणत नाही. दिवसाला एक. पण ते रोजचं असावं, त्याच्या नावाचं असावं आणि तो आजारी पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी करू नये. कुंडीला पाणी, ताटं, मोज्यांच्या जोड्या लावणं, मटकीचं फडकं ओलं ठेवणं. मटकीला त्यानं पाणी घातलं नाही आणि मोड वाळले तर वाळू दे. रात्री उठून गुपचूप शिंपडू नकोस. खऱ्या कामाला खरं नुकसान असतं. तेवढं त्याला मिळू दे.

आणि दर दोन मिनिटांनी "व्वा, किती छान" म्हणणं थांबव. गच्चीवर मी एकदाही म्हटलं नाही. संध्याकाळी घाट्यावर तेल घालून खाताना एवढंच म्हटलं, "आज बारा बिबड्या जास्त झाल्या." त्याला ते पुरलं.

धोक्याचं मात्र ऐक. विळी, गॅस, कुकर यांच्यापाशी तू असल्याशिवाय तो नको. भरलेली बादली उघडी ठेवून खोलीबाहेर जायचं नाही, मूल वीतभर पाण्यातही बुडतं. शेंगदाणे, चिंचोके, हरभरे तो तोंडात घालून पळणार नाही याची खात्री झाल्याशिवाय हाती द्यायचे नाहीत, आणि तुझ्या नणंदेची छोटी येते तेव्हा तर मुळीच नाहीत. यात मी हट्ट ऐकून घेत नाही.

एक राहिलंच. शाळेनं घरी इंग्रजीत बोला सांगितलं म्हणून तू त्याच्याशी तुटक इंग्रजीत बोलतेस, आणि तुझी आई त्याला अहिराणीत "आठे ये, हाई काय शे?" (इकडे ये, हे काय आहे?) म्हणाली की तुझा चेहरा उतरतो. कशाला? त्यानं आजीला तासभर अहिराणीत उत्तरं दिली, चुकत, मिसळत, पण उत्तरं दिली. २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलं आहे. तुझ्या इंग्रजीत त्याला रंगांची नावं येतील. घाटा रटरटतो, पीठ चिकटतं, धोतर वाळून खडखडीत होतं, हे त्याला आजीच्या बोलण्यातून येतं, कारण तिथे बोलणं कामाला लागलेलं असतं. काम खरं असलं की बोलणंही खरं येतं.

रागावले असेन तर राहू दे. तू माझ्याच बालवाडीत मातीचे बैल करायचीस. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुझा बैल फुटला तेव्हा मी नवा करून दिला नव्हता. माती दिली होती. तू रडत रडत केलास, आणि तो तुमच्या देवघरासमोर पुजला गेला. ते तुला आठवतं का, विचारायचं राहून गेलं.

तुझा भाऊ शनिवारी पुण्याला येतो आहे. त्याच्याकडे डबा देते. बिबड्या आहेत, कळण्याचं पीठ आहे, थोडा लसूण आहे न सोललेला. वेगळ्या फडक्यात बांधल्यात त्या बारा त्याच्या आहेत. दोन वाटेत मोडतील बहुतेक. गाठ त्याला सोडू दे.

तुझ्या बाई