फिल्म पाहण्याआधी कामाचा इतिहास विचारा

छातीविकार विभागात नव्याने रुजू झालेल्या तुम्हाला माझे पहिले सांगणे हे की, एक्स-रे पाहण्याआधी रुग्णाने आजवर कोणती कामे केली आणि किती वर्षे केली, हे विचारून लिहून ठेवा. नुसते ‘मजूर’ लिहून भागत नाही. सातपूर-अंबडच्या फाउंड्रीत साचे फोडणारा आणि सिन्नरकडच्या खडी क्रशरवर राबणारा, दोघांच्याही फुप्फुसात सिलिकाची धूळ जाते.

क्रशरवरचे एक काका माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा क्षयाचा औषधोपचार दोनदा पूर्ण झाला होता, पण थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. फिल्मवर दोन्ही बाजूंना, वरच्या भागात जास्त, बारीक गोल गाठी होत्या आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसीका ग्रंथींना अंड्याच्या कवचासारखी चुन्याची कड होती. ही कड दिसली की सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराचा, विचार आधी करा. मात्र सिलिकोसिसमध्ये क्षयाचा धोकाही वाढतो, म्हणून थुंकीची तपासणी कधीही टाळू नका. गाठी एकत्र येऊन सावली 10 मिलिमीटरपेक्षा मोठी झाली, तर आजार पुढे गेला आहे असे समजा.

ॲस्बेस्टॉसचे चित्र वेगळे असते: रेषा खालच्या भागात आणि फुप्फुसाच्या आवरणावर जाड चकत्या. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांनाही विचारा. त्यातील मोरचुदाने होणाऱ्या फुप्फुसविकाराचे वर्णन पोर्तुगालमध्ये 1969 साली झाले आहे.

शंका राहिली, तर एचआरसीटी (फुप्फुसाचे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) करून घ्या आणि जुन्या फिल्म मागवून शेजारी ठेवून पाहा.